स्वस्तातला वॉटरप्रूफ फिल्म कॅमेरा: काही महिने वापरल्यावर

खोक्यावर छापलेल्या खोलीच्या आकड्याला भुलू नका. तेवढ्या खोलीपर्यंत आत पाणी शिरणार नाही, इतकाच त्याचा अर्थ. फोटो येईल असं कोणी म्हटलेलं नाही. कंबरभर पाण्यात, फार तर दोन-तीन मीटर खाली आणि टळटळीत उन्हात हा कॅमेरा झकास चालतो. त्याहून खाली गेलात की निळसर-करडे फोटो गोळा करायचे.

कारण सरळ आहे. पारदर्शक केसच्या आत ३५ मिमी फिल्मचा साधा, फोकस बदलता न येणारा कॅमेरा असतो. शटरचा वेग एकच, साधारण १/१०० ते १/१२५ सेकंद, ॲपर्चर, म्हणजे भिंगाचं उजेड आत घेणारं छिद्रही एकाच मापाचं. फ्लॅश नाही, उजेड मोजणारा मीटर नाही, बॅटरीसुद्धा नाही. एक्स्पोजरचा, म्हणजे फिल्मवर किती उजेड पडणार याचा निर्णय रोल निवडतानाच होऊन जातो. मी ८०० आयएसओचा (हा फिल्मच्या उजेड टिपण्याच्या क्षमतेचा आकडा) कलर निगेटिव्ह रोल घालतो. पाण्याबाहेर भर उन्हात तो दोन-तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जादा उजेड सहज पचवतो. उजेड कमी पडला तर मात्र सावल्यांत नुसते दाणे. थेट पॉझिटिव्ह चित्र देणाऱ्या स्लाइड फिल्मच्या वाटेला जाऊच नका, तिला उजेडातली चूक खपत नाही.

रंगांचं गणित लक्षात यायला वेळ लागला. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, पाचेक मीटरमध्ये तो जवळपास संपतो. पण उजेड वरून खाली येतो ते अंतर आणि विषयापासून भिंगापर्यंतचं अंतर, दोन्ही धरायची. मित्राच्या पायातले लालभडक फिन्स जवळून लालच आले. तो थोडा पुढे पोहत गेल्यावरच्या फ्रेममध्ये तेच फिन्स कळकट चॉकलेटी.

म्हणून जवळ जावं, तर फोकस आडवा येतो. केसच्या सपाट खिडकीतून पाण्यातली वस्तू पाऊण अंतरावर भासते. कॅमेऱ्याचं किमान अंतर १ मीटर असेल, तर पाण्यात ते १.३ मीटरच्या पुढे धरा. शिवाय २८ मिमीची लेन्स पाण्यात ३७ मिमीसारखी वागते, त्यामुळे कडेचं बरंच कापलं जातं. छोटे मासे विसरा, माणसं टिपा.

शटरचा खटका लांब आणि ताठ आहे. झटक्यात ओढला तर फ्रेम हललीच म्हणून समजा; दोन्ही हातांनी केस धरून सावकाश ओढायचा.

खरी निगा लागते ती केसच्या रबरी रिंगची. डोक्याचा एखादा केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी आत येतं. बोट फिरवून रिंग तपासायची, सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात द्यायचा. पेट्रोलियम जेली नको, काही प्रकारचं रबर तिने फुगतं. केस कोरड्या हवेत बंद करा, नाहीतर थंड पाण्यात खिडकीवर आतून वाफ धरते. सिलिका जेलची छोटी पुडी कॅमेऱ्यामागे सरकवली की तो त्रास बराच कमी होतो. समुद्रातून आल्यावर केस न उघडता गोड्या पाण्यात बुडवून ठेवायची आणि खटका चार-पाच वेळा ओढायचा, म्हणजे मीठ साचून तो अडकत नाही. किनाऱ्यावर रोल बदलायचा मोह टाळा.

एकदा वापरून टाकायच्या वॉटरप्रूफ कॅमेऱ्यांपेक्षा मला हाच परवडतो: रोल आपल्या पसंतीचा, आणि २७ऐवजी ३६ फ्रेम. आता ४०० आयएसओचा ब्लॅक अँड व्हाइट घालून लॅबला १६००ला पुश करायला, म्हणजे जास्त वेळ डेव्हलप करायला सांगणार आहे. लाल रंगाची कटकट तरी नको.