ड्राय आइस की द्रव नायट्रोजन?

धाकटा भाऊ पहिल्यांदाच प्रोसेसर गोठवून ओव्हरक्लॉक करणार (म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणार) आहे आणि इथेच अडलाय.

थंडावा: ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) उणे ७८ अंश, नायट्रोजन उणे १९६. विक्रमांसाठी नायट्रोजनच, पण काही प्रोसेसर इतक्या थंडीत सुरूच होत नाहीत.

साठवण: ड्राय आइसला थर्माकोलचा डबा पुरतो. नायट्रोजनला ड्युअर (थर्मासारखं निर्वात भिंतींचं भांडं) हवा, त्यातूनही तो उडत राहतो. झाकण घट्ट लावायचं नाही, खिडक्या उघड्या हव्यात. दोन्ही वायू खोलीतला प्राणवायू हटवतात.

मेहनत: नायट्रोजन सतत ओतत, तापमापीवर डोळा ठेवावा लागतो. ड्राय आइसमध्ये ॲसिटोन घालतात, म्हणून जवळ ठिणगी नको. दवाचा धोका दोन्हीकडे. म्हणून सॉकेटभोवती (प्रोसेसर बसतो त्या खाचेभोवती) व्हॅसलीन चोपडाच.

शिकायला ड्राय आइस, स्पर्धेला नायट्रोजन. रोजच्या वापराला दोन्ही नकोत.