दोऱ्यांचे कोन काढताना: घटक, लामी की बलत्रिकोण?

दोन दोऱ्यांना टांगलेली वस्तू समतोलात असताना त्या दोऱ्यांचे कोन विचारले, की बहुतेक विद्यार्थी लगेच बलांचे आडवे आणि उभे घटक पाडू लागतात; वास्तविक ते कोन बलांमुळे ठरत आहेत की केवळ दोऱ्यांच्या लांबीमुळे, हे आधी पाहायला हवे. एकाच उंचीवरच्या, परस्परांपासून ५ मीटर दूर असलेल्या दोन खुंट्यांना ३ आणि ४ मीटरच्या न ताणणाऱ्या दोऱ्या बांधून त्या एका गाठीत जोडल्या, तर कोन भूमितीनेच पक्के होतात: लांब दोरी आडव्या रेषेशी सुमारे ३६.९ अंशांचा कोन करते आणि आखूड दोरी ५३.१ अंशांचा. गाठीला किती वजन टांगले आहे, याने त्यांत फरक पडत नाही. पुढे ताण काढायचा असेल, तर बर्नार लामी यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रमेय येथे सर्वांत सोयीचे ठरते: तीन बले समतोलात असताना प्रत्येक बल उरलेल्या दोन बलांमधील कोनाच्या साइनच्या प्रमाणात असते.

दोऱ्या गुळगुळीत कप्प्यांवरून नेऊन त्यांच्या टोकांना ४० आणि ३० न्यूटनची वजने आणि मधल्या गाठीला ५० न्यूटनचे वजन लावले, तर मात्र ताण माहीत असतात आणि कोन अज्ञात. या ठिकाणी लामीच्या प्रमेयातला प्रत्येक कोन अज्ञात राहतो, आणि साइनवरून कोन काढताना तो लघुकोन की विशालकोन, हा संशय उरतो तो वेगळाच. घटकांच्या पद्धतीत दोन समीकरणे मिळतात. त्यांतून एक कोन काढून टाकण्यासाठी वर्ग करून बेरीज केली, की हाती येतो तो त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून कोन देणारा कोसाइनचा नियमच. मग ५०, ४० आणि ३० या बाजूंचा बलत्रिकोण, म्हणजे तिन्ही बले टोकाला टोक जोडून होणारा आणि समतोलात मिटणारा त्रिकोण, सुरुवातीलाच का काढू नये? ४० न्यूटनच्या दोरीने उभ्या रेषेशी केलेल्या कोनाचा कोसाइन (२५०० + १६०० − ९००) ÷ ४००० = ०.८, म्हणजे कोन सुमारे ३६.९ अंश, दुसऱ्या दोरीचा ५३.१ अंश. माझी पसंती येथे निःसंशय बलत्रिकोणाला आहे, कारण टोकांना २०-२० न्यूटनच असते तर त्रिकोण मिटलाच नसता आणि समतोल अशक्य आहे हे आकडेमोडीआधीच कळले असते. कागदावर १० न्यूटनला १ सेंटिमीटर असे प्रमाण घेऊन काढलेली आकृती पडताळ्याला पुरते, अचूक उत्तराला नाही.

वस्तू गाठीऐवजी एकाच दोरीवरून सरकणाऱ्या गुळगुळीत कडीला टांगली असेल, तर दोन्ही बाजूंचा ताण सारखा असल्याने उभ्या रेषेशी होणारे कोनही सारखे असतात, आणि त्यांचा साइन म्हणजे खुंट्यांमधील आडवे अंतर भागिले दोरीची लांबी. एक खुंटी थोडी वर असली तरीही.

एका गाठीवर चार किंवा अधिक बले आली, की लामीचे प्रमेय लागूच होत नाही. तेथे घटकच पाडावे लागतात, आणि दोन गाठी असतील तर प्रत्येक गाठीसाठी स्वतंत्रपणे.