उद्यमनगरातील गिअरबॉक्सचे गॅरेज: एक अभिप्राय

पन्हाळ्याचा घाट चढून वर पोहोचेपर्यंत माझ्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअर तिसऱ्यावर अडकायचा, इंजिनचा दिवा लागायचा आणि दुसऱ्या दिवशी गाडी थंड असताना सगळे सुरळीत असायचे. एका मोठ्या वर्कशॉपने काहीही न मोजता पूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला दिल्यावर मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका लहान गॅरेजमध्ये गेलो.

स्कॅनरवर पी ०७५८ हा कोड आला. हा कोड ‘बी’ शिफ्ट सोलेनॉइडच्या, म्हणजे गिअर बदलण्यासाठी तेलाचा मार्ग उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेच्या, विजेच्या जोडणीतला बिघाड दाखवतो. पण दोष कॉइलमध्ये (झडपेतल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीत) आहे, वायरीत की कनेक्टरमध्ये, हे त्यावरून कळत नाही, असे मिस्त्रींनी सुरुवातीलाच सांगितले. गिअरबॉक्सच्या बाहेरील कनेक्टरवर मल्टिमीटर लावला, तेव्हा १३ ओहम विद्युतरोध आला, म्हणजे थंड असताना कॉइल ठीक होती. तपासणी तिथेच थांबली असती, तर दोष कधीच सापडला नसता. मिस्त्रींनी गाडी वाघबीळच्या चढावर नेली, दिवा लागेपर्यंत चालवली आणि रस्त्याच्या कडेलाच पुन्हा मोजले. तापल्यावर तांब्याचा रोध वाढतो, त्यामुळे शेजारच्या चांगल्या सोलेनॉइडचा आकडा १६ ओहमवर गेला होता. ‘बी’वर मात्र मीटर काहीच आकडा दाखवत नव्हता, म्हणजे तापल्यावर जोडणी कुठेतरी तुटत होती. हे त्यांनी मला जवळ बोलावून दाखवले, याचे मला फार मोल वाटते.

गिअरबॉक्सखालचा ऑइल पॅन (तेलाचे भांडे) उतरवल्यावर आतली वायर वेगळी तपासली. ती शाबूत होती. काढलेला सोलेनॉइड हीट गनने तापवताच त्याची कॉइल तुटल्याचे दिसले. पॅनमधल्या चुंबकावर फक्त नेहमीच्या झिजेची बारीक करडी भुकटी होती, धातूचे तुकडे नव्हते, म्हणून गिअरबॉक्सच्या बाकीच्या भागाला हात लावण्याची गरजच नव्हती. नवा सोलेनॉइड बसवताना बोल्ट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळले, मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच तेल भरले आणि त्याची पातळी इंजिन चालू ठेवून, तेल गरम झाल्यावर पाहिली.

दोन गोष्टी खटकल्या. सुटा भाग पुण्याहून येईपर्यंत चार दिवस गाडी तिथेच उभी होती आणि हे आधी सांगितले गेले नाही. बिलावर भागाचा क्रमांकही नव्हता. मी मागितल्यावर तो हाताने लिहून दिला. तिथे जाणाऱ्यांनी तो आवर्जून लिहून घ्यावा आणि जुना सोलेनॉइडही मागून घ्यावा.