घरचं वायफाय काढावं की ठेवावं? बेळगाव भागातल्या घरांसाठी हॉटस्पॉटचा हिशेब

घरात चार फोन, चारही फोनांत नेट, आणि वर वायफायचं बिल वेगळं. खर्च कमी करायचा म्हटलं की पहिला हात या बिलावर पडतो. तसं ते बरोबरही आहे, कारण एकाच गोष्टीचे पैसे आपण दोनदा भरत असतो. पण दोनपैकी कुठला खर्च कापायचा हे फारसं कोणी बघत नाही. वायफायचं बिल एकदम समोर येतं म्हणून डोळ्यांत खुपतं. फोनचे रिचार्ज एकेकाचे वेगवेगळ्या तारखांना होतात, त्यामुळे त्यांची बेरीज कोणी करतच नाही.

माझं मत आधीच सांगतो. एकटा-दुकटा माणूस असेल तर वायफाय खुशाल काढावं आणि हॉटस्पॉटवर, म्हणजे फोनमधलंच नेट टीव्ही-लॅपटॉपला देऊन, भागवावं. पण फोनवाला बाहेर पडल्यावरही ज्या घरात कोणी ना कोणी मागे राहतं, तिथे वायफाय ठेवून रिचार्ज कापावेत.

पैशांचा हिशेब

जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिघांनीही दर वाढवले. त्यानंतर जिओचा रोज २ जीबीचा, २८ दिवसांचा पॅक ३४९ रुपयांना झाला. २८ दिवसांच्या पॅकला वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज लागतात. म्हणजे एका फोनचे ४,५३७ रुपये आणि चार फोनांचे १८,१४८. फायबरमध्ये, म्हणजे वायरीने घरी येणाऱ्या वायफायमध्ये, जिओचा सगळ्यात खालचा प्लॅन ३० एमबीपीएसचा, ३९९ रुपये महिना. इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. मोबाइलच्या रिचार्जमध्ये जीएसटी धरलेला असतो, फायबरच्या जाहिरातीतल्या आकड्यावर मात्र १८ टक्के वर लागतो. ३९९ चे ४७१ होतात, वर्षाचे साधारण ५,६५०. एअरटेलचा ४९९ चा प्लॅन घेतला तर महिन्याला ५८९.

आता अनगोळमधलं एक घर धरू. आजी-आजोबा, नोकरीला जाणारा मुलगा आणि सून. चारही फोनांना ३४९ चा पॅक आणि घरात ३९९ चं फायबर, असं चाललं तर वर्षाला २३,८०० च्या आसपास जातात. वायफाय काढलं तर उरतात १८,१४८. बचत साडेपाच हजारांवर, आकडा चांगलाच आहे.

पण दुसरी वाटही आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलं की ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी फक्त बोलणं आणि एसएमएसचे पॅक काढा. त्यातून जिओचा ४४८ रुपयांचा आणि एअरटेलचा ४६९ रुपयांचा पॅक आला, दोन्ही ८४ दिवसांचे. आजी-आजोबांचे फोन घरातच असतात, ते वायफायवर चालतात. त्यांना रोजच्या २ जीबीचा उपयोग तरी काय? त्या दोघांना ४४८ चा पॅक मारला की माणशी वर्षाचा खर्च ४,५३७ वरून १,९५० च्या आसपास येतो. वायफाय धरून सगळ्या घराचा आकडा होतो १८,६०० च्या जवळ. म्हणजे वायफाय काढणं आणि वायफाय ठेवून दोन रिचार्ज कापणं, या दोन्हींत वर्षाला पाचशे रुपयांचासुद्धा फरक पडत नाही.

आजोबा बाजारात जाऊन फोनपे करत असतील तर मात्र हा पॅक त्यांना चालायचा नाही, कारण घराबाहेर त्यांच्या फोनला नेटच नसेल. आणि दर कंपन्या केव्हाही बदलतात, तेव्हा रिचार्ज मारण्याआधी ॲपमध्ये आजचा आकडा बघून घ्या.

ज्यांना ३४९ चा पॅक ठेवायचाच आहे त्यांनी वर्षाचा ३,५९९ चा जिओ पॅकही बघावा. त्यात रोज अडीच जीबी मिळतं आणि १३ रिचार्जांपेक्षा तो नऊशे रुपयांनी स्वस्त पडतो. रक्कम एकदम भरावी लागते, तेवढीच अडचण.

२ जीबी म्हणजे किती

हॉटस्पॉटचा सगळा खेळ या आकड्यावर आहे. नेटफ्लिक्ससारख्या ॲपवर एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत खातं, साधं एसडी ०.७ जीबी. झूमवर वर्गाचा किंवा ऑफिसचा ग्रुप कॉल तासाला सुमारे ०.८ ते २.४ जीबी घेतो. म्हणजे टीव्हीवर एक सिनेमा लावला की त्या फोनचा दिवसाचा कोटा संपला. कोटा संपल्यावर नेट बंद होत नाही, ६४ केबीपीएसवर येतं. या वेगाने ४ एमबीचा एक फोटो पाठवायला आठ मिनिटांच्या वर लागतात. व्हॉट्सॲपचा साधा मजकूर जातो, बाकी सगळं फिरत राहतं. मग डेटा व्हाउचर मारायचं. महिन्यातून दोन-तीनदा ही वेळ आली की वाचवलेले पैसे तिथेच गेले.

यावर हमखास उत्तर येतं की आमच्याकडे ५जी अनलिमिटेड आहे. खरं आहे, जिओ रोज २ जीबी किंवा त्यावरच्या पॅकवर ते देतं. पण फोन ५जी पकडून असेल तेवढाच वेळ ते अनलिमिटेड. ४जीवर उतरला की कोटा मोजायला सुरुवात होते. शहापूर, वडगावच्या जुन्या गल्ल्यांतली घरं आठवा. भिंती जाड, खोल्या एकामागे एक, मधल्या खोलीत खिडकी नाही. दारात ५जी दिसतं आणि माजघरात ४जी. वायफायसाठी फोन नेमका माजघरात ठेवला, तर कोटा कधी संपला तेही कळत नाही. दुसरं म्हणजे अनलिमिटेड ५जी वैयक्तिक वापरासाठी असतं. हॉटस्पॉटवरून सगळं घर चालवायचं असेल तर त्या पॅकच्या अटी वाचूनच भरवसा ठेवा.

आणि वेळही बघा. टॉवर सगळ्यांचा मिळून असतो. रात्री आठ ते अकरा सगळे घरी असतात तेव्हा वेग उतरतो. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या किंवा गणपती विसर्जनाच्या रात्री शहराच्या मध्यभागी फोनचं नेट काय चालतं ते बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. फायबरला या गर्दीची झळ फारशी लागत नाही.

फोन कोणाबरोबर जातो

माझ्या दृष्टीने पैशांपेक्षा हा प्रश्न मोठा आहे, कारण हॉटस्पॉट माणसाच्या खिशातून घराबाहेर जातो. घरातला कमावता माणूस उद्यमबागेत किंवा मच्छेला सेकंड शिफ्टला असेल, तर दुपारपासून रात्रीपर्यंत घर नेटशिवाय. नेमक्या त्याच वेळात मुलं शाळेतून येतात, अभ्यासाचा व्हिडिओ बघायचा असतो, टीव्ही लावायचा असतो. आपल्या भागात घराघरांतून मुलं फौजेत आहेत. संध्याकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो तेव्हा आईच्या हातातल्या फोनला नेट असलंच पाहिजे. तो कॉल रोज ठरल्या वेळी येत नाही आणि चुकला तर पुन्हा केव्हा लागेल याची खात्री नसते. ज्या घरात असा कॉल येतो, त्या घराने हॉटस्पॉटच्या भरवशावर वायफाय काढू नये असं मला मनापासून वाटतं.

सीसीटीव्हीचंही तसंच. दारातला कॅमेरा बाहेरून बघायचा असेल तर घरात कोणी नसतानाच नेट हवं असतं.

याउलट खोली घेऊन राहणारा विद्यार्थी, टिळकवाडीत भाड्याने राहणारं नोकरदार जोडपं, दिवसभर बाहेर आणि रात्री दोन तास मोबाइल, यांना फायबरची गरज नाही. शनिवार-रविवार गावी जाणाऱ्यांना तर नाहीच, कारण फायबर गावी नेता येत नाही. लॅपटॉपवर मेल बघणं, कॉलेजचे फॉर्म भरणं, थोडं यूट्यूब, एवढं २ जीबीत आरामात बसतं.

पुण्या-बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरून करणाऱ्याने फायबर ठेवावं आणि हॉटस्पॉट आडवेळेसाठी हाताशी ठेवावा. व्हिडिओ मीटिंगमध्ये खाली येणाऱ्या वेगाइतकाच वर जाणारा वेगही लागतो, आणि फोनचं नेट बहुतेकदा तिथेच कमी पडतं.

पाऊस, वीज आणि खानापूरचा पश्चिम भाग

फायबरची दुखणी वेगळी आहेत. वायर विजेच्या खांबांवरून येते. पावसात फांदी पडली किंवा रस्ता खोदताना तुटली की लाइनमनची वाट बघायची, कधी एक दिवस, कधी तीन. हेस्कॉमची वीज गेली की राउटर बंद. विजेवर उपाय सोपा आहे. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी छोटा यूपीएस हजार-दीड हजारात मिळतो आणि काही तास निघतात. तुटलेल्या वायरीवर मात्र घरबसल्या उपाय नाही. त्या दिवशी फोनच कामाला येतो.

जांबोटी, कणकुंबीकडे वरची बरीचशी तुलना लागूच होत नाही. जंगल, चढउतार आणि धो धो पाऊस. काही वाड्यांत घराच्या एका कोपऱ्यातच रेंज येते. तिथे हॉटस्पॉट घ्यावा का हा प्रश्न नाही, रेंज कुणाची येते हा प्रश्न आहे. बीएसएनएलने सप्टेंबर २०२५ मध्ये देशभर स्वतःचं ४जी सुरू केलं. तुमच्या वाडीजवळचा टॉवर चालू झाला असेल तर शेजाऱ्याचं सिम तासभर घालून बघा. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलेलं असेल तर तिथून घरापर्यंत लाइन कोण देतं याची चौकशी करा. जिथे वायर येत नाही पण ५जी चांगलं आहे, अशा मोठ्या गावांत एअरफायबर हा मधला मार्ग आहे. छतावर छोटा अँटेना बसतो आणि घरात नेहमीसारखं वायफाय मिळतं. जिओचा ५९९ चा प्लॅन जीएसटीसह ७०७ ला पडतो. फायबरपेक्षा महाग, पण घरातच राहतो.

हद्दीवरच्या गावांची एक काळजी दूर करतो. कोगनोळीकडे किंवा शिनोळीच्या बाजूला फोन कधी कर्नाटकचा टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्राचा, आणि स्वागताचे मेसेज येत राहतात. त्याने डेटाचे जादा पैसे जात नाहीत, देशांतर्गत रोमिंगमध्ये तुमचा पॅक तसाच चालतो.

हॉटस्पॉटच घ्यायचा असेल तर

टीव्हीला हॉटस्पॉट सापडत नाही ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की फोनने हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर लावलेला असतो आणि जुना टीव्ही फक्त २.४ ओळखतो. सेटिंगमध्ये हॉटस्पॉटचा बँड २.४ करा. आयफोनमध्ये ‘मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी’ चालू करा. लॅपटॉप जवळच असेल तर वायफायऐवजी यूएसबी केबलने नेट द्या, फोन कमी तापतो आणि चार्जही होत राहतो. विंडोजमध्ये त्या कनेक्शनला ‘मीटर्ड’ करून ठेवा, नाहीतर अपडेट गुपचूप कोटा संपवतं. टीव्हीच्या ॲपमध्ये चित्राचा दर्जा ‘ऑटो’वर सोडू नका, ४८०पी करा.

जुना फोन घरात कायम चार्जिंगला लावून त्याचाच राउटर करणारे बरेच आहेत. हे करू नका. दिवसरात्र तापलेली बॅटरी फुगते, आणि तो फोन बहुधा कपाटावर किंवा गादीजवळ ठेवलेला असतो. घरी वेगळं सिम ठेवायचंच असेल तर सिम घालायचा छोटा राउटर घ्या.

काढण्याआधी

फायबर कंपनीच्या ॲपमध्ये मागच्या तीन महिन्यांचा वापर दिसतो. तो महिन्याला ५०-६० जीबीच्या आत असेल तर रोज २ जीबीच्या एका पॅकवर घर चालेल. दीडशेच्या वर असेल तर हॉटस्पॉटचा विचार सोडा आणि प्लॅन खाली आणता येतो का ते बघा. ६९९ वाल्यांपैकी बऱ्याच जणांचं ३९९ मध्ये भागतं, ३० एमबीपीएसवर दोन टीव्ही आणि तीन-चार फोन चालतात. मधल्या आकड्यातल्यांनी आठ-दहा दिवस राउटरचा प्लग काढून ठेवावा. त्यात एक रविवार आणि क्रिकेटची एक मॅच आली पाहिजे. घरातल्या सगळ्यांना आधी सांगून करा.

निर्णय झाला तर आगाऊ भरलेली मुदत संपायच्या बेतानेच कनेक्शन बंद करा, मधल्या महिन्यांचे पैसे सहसा परत येत नाहीत. फायबरबरोबर मिळालेला लँडलाइन नंबर बँकेत किंवा शाळेत दिलेला असेल तर आधी बदलून घ्या. राउटर परत देताना त्यावरच्या सिरियल नंबरचा फोटो काढा, नेणाऱ्याकडून पावती घ्या, आणि डिपॉझिट भरलं असेल तर ते खात्यात येईपर्यंत ती पावती जपून ठेवा.