जुना ट्रेलर घेताना: इंजिन ठणठणीत, केबिन मात्र बदललेली

जाहिरातीत एवढंच होतं: "5530, बीएस-6, एसी स्लीपर, सिंगल ओनर." घेणाऱ्याने मेकॅनिक नेला, इंजिनचा आवाज ऐकला, टायर पाहिले, आरसीवर कर्जाचा बोजा नाही याची खात्री केली आणि पैसे मोजले. तिसऱ्या फेरीला ड्रायव्हरची कंबर धरली. पहिल्या मोठ्या पावसात डॅशबोर्डखालून पाणी आलं. केबिन उचलल्यावर सगळं उघड झालं. केबिनचे धक्के झेलणारे मागचे दोन्ही शॉकअब (शॉक अ‍ॅबसॉर्बर) गायब होते, त्यांच्या जागी रबरी ठोकळे आणि वेल्डिंगने चिकटवलेली पट्टी होती. समोरचा पत्रा कधीतरी चेपलेला होता, तो पुटीने सरळ करून वर रंग मारला होता.

जुन्या ट्रेलरच्या घोड्यात, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीत, आता फसवणूक केबिनमध्ये होते, कारण घेणारा तिथे पाहतच नाही. तो इंजिन, गिअरबॉक्स आणि टायर तपासतो, केबिनमध्ये फार तर पाच मिनिटं बसतो. ड्रायव्हर मात्र त्यात दिवसभर बसतो आणि रात्री तिथेच झोपतो.

पहिली चलाखी मॉडेलच्या आकड्याची. 5530 मध्ये 55 म्हणजे ट्रेलर आणि मालासह एकूण वजन टनांत, आणि 30 म्हणजे साधारण 300 अश्वशक्ती. केबिनबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही. टाटाची 5530 वरच्या दर्जाच्या प्रायमा केबिनमध्येही आली आणि त्याखालच्या सिग्नातही. अशोक लेलँडच्या 2020 पासूनच्या एव्हीटीआर मालिकेत तर चॅसिस तीच ठेवून वेगवेगळ्या केबिन निवडता येतात. दलाल माहितीपत्रक वरच्या केबिनचं दाखवतो, गाडी खालच्या केबिनची देतो, आणि विचारलं की म्हणतो, "कंपनी तीच, इंजिन तेच." सिग्ना वाईट गाडी नाही, पण ती प्रायमाच्या भावात घेणं हा तोटा आहे. म्हणून पूर्ण व्हेरिएंट लिहून मागा: केबिन कोणती, डे की स्लीपर, सस्पेन्शन किती ठिकाणी, सीट एअरची की मेकॅनिकल, एसी कंपनीचा की नंतर लावलेला. हे व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या, तोंडी बोलण्यावर राहू नका.

दुसरी चलाखी काऊल-चॅसिसची. कंपनीतून पूर्ण केबिनऐवजी फक्त काऊल, म्हणजे केबिनचा पुढचा अर्धवट भाग, घेऊन आलेली गाडी, बाहेर बांधलेली केबिन, आणि विकताना "फॅक्टरी केबिन". कंपनीत पूर्ण बनलेल्या गाडीला फॉर्म 22, म्हणजे गाडी रस्त्यालायक असल्याचा कंपनीचा दाखला, असतो. बॉडी बाहेर बांधली असेल तर फॉर्म 22-अ लागतो, आणि त्याचा दुसरा भाग बॉडीबिल्डर भरतो. घोड्यावर मालाची बॉडी नसते, त्यामुळे 22-अ निघाला तर बाहेर नेमकं काय बांधलं हे विचारायलाच हवं.

आता केबिन उचला. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, दारं बंद, आतलं सामान आणि बाटल्या बाहेर, समोर कोणी उभं नाही. वर गेल्यावर सेफ्टी रॉड लावल्याशिवाय खाली वाकू नका. केबिन चॅसिसवर जिथे टेकते त्या चारही माउंटिंगचं रबर आणि शॉकअब पाहा, तेल गळत असेल तर तो शॉकअब संपलेला आहे. मग पत्र्याच्या कडा पाहा. फॅक्टरीचे स्पॉट वेल्ड छोटे गोल खळगे असतात, सारख्या अंतरावर. हातचं वेल्डिंग म्हणजे सलग, खडबडीत रेघ. केबिनच्या खांबांवर अशी रेघ दिसली तर गाडी मोठ्या अपघातातली समजा. पुटीसाठी कापडात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावर फिरवा, जिथे पकड सुटते तिथे खाली पुटी असते. बंपर आणि जाळी बहुधा फायबरची असते, तिथे ही परीक्षा लागू नाही.

सीटचं नवं रेक्झिन पाहून भुलू नका. हवेचं प्रेशर पूर्ण भरू द्या, इंजिन बंद करा, सीट वर घ्या आणि दहा मिनिटं बसून राहा. खाली बसत गेली किंवा "सस्स" आवाज आला, तर बेलो (सीटखालची हवेची पिशवी) किंवा नळी फुटलेली आहे. फुटलेल्या सीटला कधीकधी खालून बोल्ट मारून कायमची एका उंचीवर अडकवतात. हात घालून चाचपा. असा बोल्ट लागला तर त्या सीटचं सस्पेन्शन शून्य आहे.

2025 मध्ये नव्या मध्यम आणि अवजड ट्रकना केबिन एसी सक्तीचा झाला, तेव्हापासून जुन्या गाड्यांत कसाबसा एसी कोंबून भाव वाढवणं सुरू आहे. डॅशखाली टॉर्च मारा. पिळून टेप लावलेल्या वायरी, रिले नाही, फ्यूज नाही, असा एसी फक्त कमी थंड करतो असं नाही, तो आग लावू शकतो. अल्टरनेटर वाढीव भार पेलतो का, हेही इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. एसीची तपासणी भर दुपारी करा, आणि गाडी आधीपासून चालू ठेवू नका असं बजावा.

मीटर मागे फिरवणं जुनंच आहे, पण पकडणं सोपं झालंय. सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून इंजिनचे एकूण तास काढा. मीटर 2,10,000 किमी दाखवतं आणि तास 12,000 असतील, तर सरासरी येते ताशी 17.5 किमी. हायवेवर धावणाऱ्या ट्रेलरची सरासरी इतकी कमी नसते. न्हावाशेवा बंदराच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभी राहणारी गाडी असेल तर आकडा खाली येतो, हे खरं. पण मग विकणाऱ्याने "फक्त हायवे" म्हणून विकू नये. मालकाच्या फोनवर फ्लीट एज किंवा आय-अलर्टसारखं कंपनीचं अ‍ॅप असेल तर जुन्या नोंदी त्याच्यासमोरच उघडा.

विमा पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पाहा. एकच मालक, पाच वर्षं आणि बोनस शून्य, तर अलीकडे क्लेम झालाय का ते विमा कंपनीकडून लेखी घ्या. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, म्हणून मालक बदललेल्या गाडीत यावरून निष्कर्ष काढू नका.

शेवटची फेरी भरलेल्या ट्रेलरसह, स्वतःच्या ड्रायव्हरला बसवून, किमान 20 किमी. एक चाक स्पीड ब्रेकरच्या कडेवरून तिरकं घ्या. चांगल्या सस्पेन्शनची केबिन एकदा डुलून थांबते, ठोकळ्यांवर बसवलेली धाडकन आपटते आणि धक्का थेट मणक्यात जातो. परत आल्यावर ड्रायव्हरला बर्थवर अर्धा तास झोपू द्या, इंजिन चालू ठेवून. उठून तो काय सांगतो ते ऐका. आणि "जॅकचा पंप खराब आहे, केबिन उचलत नाही" असं उत्तर मिळालं, तर पंप दुरुस्त होऊन केबिन तुमच्यासमोर वर जाईपर्यंत टोकनचे पैसे खिशातच ठेवा.