पंचतत्त्व शिबिर: मातीला पैकीच्या पैकी, आरशाला शून्य

शिबिराचं नाव लिहीत नाही, सर आमच्या गल्लीतल्या एका घरचे पाहुणे निघाले आणि मला तिथेच राहायचंय. जळगावपासून तापीकडे एका मळ्यात, शनिवार-रविवार, २१०० रुपये, जेवण आणि किटसकट. माझी नणंद आणि मी गेलो. मे महिन्यात. हे कोणी ठरवलं देव जाणे.

आधी चांगलं सांगते. पहाटे साडेपाचला नांगरलेल्या काळ्या जमिनीवर अनवाणी बसवलं, पायाखाली ढेकळं, आणि मनातल्या मनात फक्त लं, म्हणजे पृथ्वीचा बीजमंत्र. दुसरं काही नाही, फोन सुद्धा नाही, पाऊण तास. पहिली पंधरा मिनिटं मला घरचं दूध आलं असेल का तेच सुचत होतं, मग हळूहळू बूड जड झालं, खरंच जड, उठावंसंच वाटेना. नंतर नदीवर नेलं, घोट्यापर्यंत पाण्यात उभं राहून वं, हा पाण्याचा. सरांचा आवाज चांगलाय, घाई करत नाहीत, चुकलं तर हसत नाहीत. एवढ्या दोन सेशनसाठी मी पैसे परत मागणार नाही.

त्राटक, म्हणजे ज्योतीकडे एकटक बघणं, ते पण ठीक. तिळाच्या तेलाचा दिवा, हातभर अंतर, ज्योत डोळ्यांच्या लेव्हलला, डोळ्यातून पाणी आलं की बंद. पण पंखा लावला की ज्योत हलते म्हणून पंखा बंद, पत्र्याच्या शेडमध्ये, बाहेर ४४. अग्नितत्त्व आपोआप जागं झालं सगळ्यांचं! शिवाय लेन्स घालणाऱ्यांनी काढून ठेवा हे आधी सांगायला पाहिजे होतं, एक पोरगी बिचारी लालभडक डोळे घेऊन बसली होती.

आता आरसा. शिवस्वरोदय या श्वासावरच्या जुन्या ग्रंथात आहे ते, आरशावर श्वास सोडायचा आणि वाफेचा आकार बघायचा, चौकोन म्हणजे पृथ्वी, अर्धचंद्र पाणी, त्रिकोण अग्नी, गोल वायू, नुसते ठिपके आले तर आकाश. श्वास किती लांब जातो त्यावरूनही तत्त्व ओळखतात, पृथ्वी १२ अंगुळं, पाणी १६, वायू ८, अग्नी ४. वाचायला फार भारी वाटतं. दुपारी दोनला वीस जणांनी फू फू केलं, एकाच्याही आरशावर काही नाही. सर म्हणे तत्त्व लपलंय, साधना वाढवा. अहो सर आरसाच तापलाय, त्यावर वाफ धरेल कशी? मी माझा आरसा माठाच्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला दहा मिनिटं, पुसला, मग आली वाफ. आकार केळ्यासारखा. नणंद म्हणाली अर्धचंद्र समज, रावेरकडची आहे ती, तिला सगळीकडे केळीच दिसतात. हेच सेशन जानेवारीत पहाटे ठेवा ना, थंडीत निदान काहीतरी उमटेल.

किटवर जरा बोलायचंय. पाच कार्डं (पिवळा चौकोन, चंदेरी चंद्रकोर, लाल त्रिकोण, निळा गोल, काळं अंडं) आणि काडी, चाकू, पेला, तबकडी. सरांनी सगळं प्राचीन भारतीय म्हणून सांगितलं. तत्त्वं आपलीच, पण कार्डं या रूपात वापरली ती गोल्डन डॉनवाल्यांनी, १८८८ साली लंडनात निघालेली गूढविद्येची मंडळी, आणि काडी-चाकू-पेला-तबकडी तर तिकडचीच. म्हणजे माल इथून गेला आणि पॉलिश होऊन परत आला, त्यात वाईट काही नाही, फक्त तसं सांगा. लाल त्रिकोणाकडे एकटक बघून भिंतीवर हिरवट त्रिकोण दिसला तो डोळे थकल्यामुळे, त्याला सिद्धी म्हणू नका.

दिशांचा घोळ तर विचारूच नका. तिकडच्या पद्धतीत पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला माती. आणि त्याच हॉलमध्ये भिंतीवर वास्तूचा तक्ता, त्यात पाणी ईशान्येला, अग्नी आग्नेयला, पृथ्वी नैऋत्येला, वारा वायव्येला, मध्ये आकाश. कुठला धरायचा विचारलं तर म्हणे दोन्ही बरोबर, भाव महत्त्वाचा. भाव महत्त्वाचा तर मग होकायंत्र घेऊन अर्धा तास आमची आसनं का फिरवली? घरी येऊन दक्षिणेला तोंड करून दिवा लावला तर आजेसासूबाई कडाडल्या, "दक्षिणले तोंड करीसन दिवा कोन लावस व?" बरोबरच आहे, आमच्याकडे तसा दिवा फक्त धनत्रयोदशीला, यमाचा. मी गुपचूप वळवला.

आकाशतत्त्वाला एकूण दहा मिनिटं दिली, त्यातली चार माइक नीट करण्यात गेली.

जेवण मात्र कडक, भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, आणि ताक मागाल तेवढं. ५ पैकी ३ देते, त्यातला अर्धा स्टार भरताचा. जायचं असेल तर थंडीतली बॅच धरा आणि किट नको म्हणून सांगा, पैसे कमी करतात का ते विचारून बघा. माझ्या किटमधला पेला तांब्याचा म्हणून दिलेला, चिंचेने घासला तर आतून पांढरा निघाला. वायुतत्त्वाचा चाकू तेवढा धारदार आहे, सध्या कांद्याची पात चिरायला ठेवलाय.