आठ महिने मेश वाय-फाय, त्यातले अडीच महिने मिक्सरचे

काल कंपनीचा मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.’ वाय-फायच्या डब्याचा जळलेला ॲडॅप्टर अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, बदली मिळालेला नाही, आणि मे महिन्यापासून मी पाच वेळा फोन केलाय. निराकरण कुणाचं झालं देव जाणे. म्हणून बसलो लिहायला.

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला तीन डब्यांचा मेश सेट आहे, म्हणजे एकाच नावाचं वाय-फाय एका डब्यातून दुसऱ्यात असं घरभर पोचवणारा. एसी१२००, ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन रेडिओ), वाय-फाय ५ वाला, ७,८०० रुपयांना. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. या किमतीतले सगळे सेट एकमेकांचे चुलतभाऊच, त्यामुळं तुमच्याकडं कुठलाही असला तरी खालचं बरंचसं लागू पडेल.

आधी घर सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं आजोबांच्या वेळचं घर, रुंदीला कमी आणि खोलीला लांबलचक. रस्त्याकडं सोपा, मग चौक, चौकापलीकडं माजघर आणि स्वयंपाकघर, त्याच्यामागं नंतर काढलेलं स्लॅबचं बांधकाम आणि त्यावर माझी खोली. जुन्या भागाच्या भिंती दीड फुटाच्या, दगड-मातीच्या. फायबरवाल्या पोरानं सोप्यातच डबी ठोकली. मागंपर्यंत न्यायचे तीनशे जादा लागतील म्हणाला, मी म्हटलं राहू दे. ते वाचवलेले तीनशे पुढं मला दहा हजारांना पडले.

प्लॅन १०० एमबीपीएसचा. सोप्यात ९५ यायचं, स्वयंपाकघरात ३०, आणि वर माझ्या खोलीत, जिथं बसून मी पुण्यातल्या ऑफिसचं काम करतो, तिथं दोन-तीन. बऱ्याचदा तेही नाही. आधी तेराशेचा एक्स्टेंडर आणून बघितला. त्याचं वाय-फायचं नाव वेगळं, स्पीड निम्मा, आणि फोन कुठल्या नावाला चिकटेल याचा नेम नाही. तो आता भाच्याच्या हॉस्टेलवर सुखात आहे.

मेश लावायला मात्र पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. एक डबा सोप्यात, एक स्वयंपाकघरात, एक वर. पहिल्या रात्री वरच्या खोलीत २२ आलं, तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “शंभरचे पैसे भरतोय ना आपण?” बरोबर होतं तिचं. ड्युअल बँड मेशमध्ये डब्याला मागच्या डब्याशीही ५ गिगाहर्ट्झवरच बोलायचं असतं आणि तुमच्या फोनशीही त्याच रेडिओवरून. त्यामुळं दर टप्प्याला स्पीड साधारण निम्म्यावर येतो. सोप्यात ९५, स्वयंपाकघरात ५०-५५, वर २२. हिशोब चोख आहे, फक्त खोक्यावर छापत नाहीत. डब्यांच्या आपापसातल्या बोलण्यासाठी वेगळा तिसरा रेडिओ असलेले ट्राय बँड सेट मिळतात, पण त्यांच्या किमती बघून मी पान बंद केलं. मीटिंगला २२ भरपूर होतं.

मग सुरू झालं ते. रोज सकाळी सव्वादहा-साडेदहाच्या सुमाराला वरच्या डब्याचा दिवा लाल. दहा मिनिटं, कधी जास्त, मग आपोआप ठीक. साडेदहाला आमची रोजची मीटिंग. साहेबांना पहिल्या आठवड्यात ‘नेट गेलं’ सांगितलं, दुसऱ्या आठवड्यात त्यांनीच विचारलं, “कोल्हापुरात नेट साडेदहालाच जातं काय?”

कस्टमर केअरला फोन. बंद करून चालू करा. केलं. फॅक्टरी रीसेट करा. केलं, आणि घरातल्या अकरा फोन-टीव्ही-बल्बांना परत पासवर्ड घालत बसलो. फर्मवेअर अपडेट करा. झालं. चॅनल बदला म्हणाले. या सेटमध्ये चॅनल हातानं बदलताच येत नाही, आणि ते त्यांनाच ठाऊक नव्हतं. फायबरवाला म्हणाला, आमची लाईन डबीपर्यंत ओके आहे. वर्कशॉपवाल्या शेजाऱ्यानं सांगितलं, मायक्रोवेव्ह असेल, तो २.४ गिगाहर्ट्झच्याच आसपास चालतो. तर्क चांगला होता. पण आमच्यात मायक्रोवेव्हच नाही.

मी इरेला पेटलो आणि वहीत नोंद ठेवायला लागलो. तारीख, वार, गेलं किती वाजता, आलं किती वाजता. दीड महिन्याची वही भरल्यावर एक गोष्ट दिसली. सोमवार, गुरुवार, शनिवार आठ-दहा मिनिटं. बुधवारी पंचवीस. रविवारी ऑफिस नसतं, पण नोंद होती: चाळीस मिनिटं. ही वही बायकोच्या हातात पडली. तिनं दोन मिनिटं बघितली आणि म्हणाली, “बुधवार-रविवार तर मटण असतंय.”

खाली गेलो तर आई वाटण करत होती. खोबरं, कांदा, आलं-लसूण, कोथिंबीर. स्वयंपाकघरात बोर्ड एकच, त्यात दोन पॉइंट. एकात डब्याचा ॲडॅप्टर, दुसऱ्यात मिक्सर. म्हणजे बसायला हवं होतं असं. प्रत्यक्षात ॲडॅप्टरचं धूड एवढं रुंद की शेजारच्या पॉइंटच्या दोन भोकांवर ते आडवं पसरलेलं. मिक्सरची पीन शिरायला जागाच नाही. म्हणून आई रोज ॲडॅप्टर काढायची, मिक्सर लावायची, आणि काम झालं की इमानेइतबारे ॲडॅप्टर परत लावायची. मधला डबा मेला की वरचा डबा मधल्यामधी लोंबकळतो, कारण सोप्यातल्या डब्यापर्यंत त्याचा हात पोचत नाही.

“आई, ही पीन तू रोज काढतीस?”

“मग? तुझ्या त्या डबड्यापायी पांढऱ्या रश्श्याला वाटण नको व्हय? मी तर पहिल्या दिवसापासनं काढतो की ती.”

अडीच महिने. तीन तक्रारी, एक फॅक्टरी रीसेट, एक वही.

इथं मला माझं मत पहिल्यांदा बदलावं लागलं. डिसेंबरात मी या सेटला एक स्टार देऊन ‘सिग्नल सतत जातो’ असं लिहून आलो होतो. ते काढून टाकलं, कारण सिग्नल बिचारा कुठं जात नव्हता. पण माफी फक्त डब्याला. ॲडॅप्टरला नाही. मी पट्टी घेऊन मोजलंय. ॲडॅप्टर आडवा सहा सेंटिमीटर आणि त्याच्या पिना अगदी एका कडेला. म्हणजे चार-साडेचार सेंटिमीटर प्लास्टिक नुसतं शेजाऱ्याच्या अंगणात. सरळ उभा केला असता तर काही प्रश्न नव्हता. आतमध्ये एवढी जागा लागते असंही नाही, कारण आउटपुट सगळं मिळून १२ व्होल्ट, १ अँपिअर. असले तीन ॲडॅप्टर एका खोक्यात देताना कुणाच्या डोक्यात आलं नाही का, की जुन्या घरात एका खोलीला एकच बोर्ड असतो? अँटेना किती, ॲप कसलं, पालकांसाठी कंट्रोल आहे का, यावर लोक पानंच्या पानं लिहितात. ॲडॅप्टरची रुंदी कुणीच सांगत नाही. मी सांगतोय: सहा सेंटिमीटर.

एक्स्टेन्शन बोर्ड लावून बघितला. ओट्याजवळ लोंबती वायर नको म्हणून आईनं दुसऱ्याच दिवशी गुंडाळून कपाटावर ठेवला. डबा माजघरात हलवावा तर तिथं पॉइंट नाही. फ्रिजवर ठेवला तर स्पीड पडला. एवढं मोठं पत्र्याचं कपाट बुडाखाली असल्यावर पडणारच. शेवटी ‘साडेदहाच्या आधी वाटण’ असा तह झाला. बुधवारी तो मोडायचा.

मे महिन्यात वळीव आला. संध्याकाळी वीज तीन-चार वेळा आली-गेली आणि स्वयंपाकघरातला ॲडॅप्टर वास सोडून बंद पडला. डबा मात्र शाबूत. वरच्या डब्याचा ॲडॅप्टर लावला तर तो लगेच चालू झाला. वॉरंटी तीन वर्षांची, म्हणून निवांत फोन केला. उत्तर आलं, ॲडॅप्टर एकटा बदलून मिळत नाही, तिन्ही डबे मूळ खोक्यासह पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा, जाण्याचा कुरिअर खर्च तुमचा, दहा ते पंधरा दिवस लागतील. म्हणजे एका ॲडॅप्टरपायी पंधरा दिवस अख्खं घर बिनवाय-फाय! मी म्हटलं, जळलेला ॲडॅप्टर पाठवतो, तुम्ही तेवढाच पाठवा. बाई म्हणाल्या, सिस्टीममध्ये तसा पर्याय नाही. दुसऱ्या फोनवर वेगळे साहेब म्हणाले, ॲडॅप्टर ॲक्सेसरीत येतो. तिसऱ्याला विचारलं, ॲक्सेसरी असेल तर विकत द्या, पैसे देतो. तीसुद्धा सोय नाही. चौथ्या आणि पाचव्या फोनला माझी तक्रार मी पहिल्यापासून परत सांगितली. आणि काल ते निराकरण.

दरम्यान स्टँडजवळच्या एका दुकानात गेलो. जुना ॲडॅप्टर बरोबर नेला होता, आणि तुम्हीही न्या. चार गोष्टी जुळायला लागतात: व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, डब्यात जाणाऱ्या पिनेची जाडी तीच, आणि पिनेत आतून प्लस की बाहेरून, ते लेबलवरच्या गोल चिन्हावर बघायचं. व्होल्ट चुकले तर डबा जाऊ शकतो. दुकानदारानं मीटर लावून दाखवलं, १२.१. २२० रुपये. घरी येऊन बोर्डात लावला आणि बघतच राहिलो. बारका, उभा, निमुळता. शेजारी मिक्सरची पीन खट्‌दिशी बसली. मोठ्या कंपनीला जमलं नाही ते त्या बिननावाच्या डबीनं केलं, आणि तिथं माझं मत दुसऱ्यांदा बदललं. सेट चांगला आहे, फक्त खोक्यातला ॲडॅप्टर पहिल्याच दिवशी टाकून द्यावा.

पण गोष्ट इथं संपली नाही, कारण आई तरीही पीन काढते. दोन्ही शेजारी-शेजारी बसतात हे दाखवून दिलं, तर म्हणाली, “दोन्ही एकदम लावलं की मिक्सरला करंट कमी पडतोय.” १२ वॅटच्या ॲडॅप्टरनं साडेसातशे वॅटच्या मिक्सरचा करंट कसा कमी पडेल, हे मी दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागायच्या आत, मी जे नोव्हेंबरात करायला हवं होतं ते केलं. सोप्यापासून वरच्या खोलीपर्यंत ४० मीटर कॅट ६ (नेटची) वायर ओढली. दीड फुटाच्या भिंतीला भोक पाडायला गिरमिट नको की काही नको. सोप्याच्या आढ्यावरून चौकात, चौकातून पाइपमधून वर, आणि खिडकीच्या चौकटीला होतं त्याच भोकातून आत. वायर घेताना ब्लेडनं एक तार खरवडून बघा. पहिल्या दुकानात खरवडल्यावर आतून पांढरी निघाली, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा नुसता मुलामा. दुसरीकडं आतपर्यंत तांबडी होती, मीटरला चार रुपये जास्त. माझ्यासारख्यानं जास्त दिले, यावरून समजा. चौकात ऊन-पाऊस असल्यामुळं बाहेरच्या कामाची काळी वायर घेतली. साधी पांढरी उन्हात तडकते.

ओढताना तपकिरी जोडीतली एक तार तुटली. वायर ओढायला आलेला पोरगा म्हणाला, चालतंय की. मी चिडलो, पण खरंच चालतंय, कारण १०० च्या स्पीडला आठपैकी चारच तारा लागतात. आणि इथंच मला कळलं की या सेटचे पोर्टसुद्धा (वायर खोचायची भोकं) १०० चेच आहेत, गिगाबिट म्हणजे १००० चे नाहीत. खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० आणि पोर्ट १०० चा! १०० च्या प्लॅनला फरक पडत नाही. पण तुमचा प्लॅन २०० किंवा ३०० चा असेल तर हा सेट घेऊच नका, पोर्ट गिगाबिट आहेत का ते आधी बघा. तसे सेट हजार-दीड हजारानं महाग आहेत, आणि आता वाटतं तेवढे टाकायला हवे होते. शिवाय तेव्हा ती तपकिरी तारही जोडावी लागेल, गिगाबिटला आठही लागतात.

वायर लावल्यावर वरच्या डब्यानं आपणहून तो रस्ता धरला, ॲपमध्ये काही करावं लागलं नाही. २२ चं ९३ झालं. मीटिंग आता मटणाच्या दिवशीही चालते. बाहेरून तांब्याची वायर आहे म्हणून विजा चमकायला लागल्या की दोन्ही टोकांच्या पिना मी स्वतः जाऊन काढतो. यावरून आई काय म्हणते ते लिहीत नाही.

बाकीचं थोडक्यात. सोप्यातून वर जाताना माझा जुना फोन लांबच्या डब्यालाच चिकटून बसतो, वाय-फाय बंद-चालू करावं लागतं. बायकोचा नवा फोन गुपचूप डबा बदलतो. डब्यात ती सोय आहे, पण फोनलाही ती भाषा यायला लागते. फायबरची डबी स्वतःच राउटर असेल तर मेश ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे राउटरचं काम एकट्या डबीकडंच राहतं. आमच्यात आधी दोन राउटर एकामागं एक होते आणि मुलाचा गेम सारखा रडायचा. लाईट गेल्यावर सोपा आणि वरची खोली इन्व्हर्टरवर चालते, स्वयंपाकघर नाही.

स्वयंपाकघरातला डबा आता फक्त आईच्याच उपयोगाचा राहिलाय. काम करताना तिच्या फोनवर भजनं लागलेली असतात. परवा गुरुवारी वर बसलो होतो, खाली मिक्सर सुरू झाला, भजन मधेच तुटलं आणि जिन्यातून हाक आली, “अरे, तुझं डबडं परत बंद पडलं बघ!”